कारभाराचा गाडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडा कुठेही मांडला की पहिल्या दहा मिनिटांत तेच ते प्रश्न येतात. उत्तरं देऊन घसा बसतो आणि दांडा फिरवायचा राहून जातो. म्हणून हे लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांचे आहेत, उत्तरं माझी. घटनेतली कलमं वहिनीने तपासून दिली आहेत.

हे नेमकं आहे तरी काय?

सात फूट उंच लोखंडी सांगाडा. त्यावरून वळसे घेत उतरणारे तारांचे रूळ, एक मोठा तराजू, दोन घंटा, एक वाळूचं घड्याळ आणि तीनशेच्या आसपास गोळ्या-गोट्या. दांडा फिरवला की त्या साखळीवरून वर चढतात. मग आपल्याच वजनाने खाली येता येता पैसा कुठून कुठे जातो, कायदा कसा होतो, आपला अर्ज कुठे बसून राहतो ते दाखवतात.

अशा वस्तूला कलेच्या पुस्तकात कायनेटिक स्कल्प्चर म्हणतात, म्हणजे हालचाल काढून घेतली तर उरत नाही असं शिल्प. बेळगावकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. गणपतीत हलते देखावे बघायला रात्री अकराला रांगेत उभे राहणारे लोक आपण. हाही देखावाच. फक्त यात शेवटी राक्षस मरत नाही.

कुणी बनवलं, आणि कशापायी?

मी उद्यमबागेत ३१ वर्षं फिटर होतो. वहिनी मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. मला घटना येत नव्हती आणि तिला वेल्डिंग, त्यामुळे भांडायला भरपूर जागा होती.

सुरुवात उताऱ्यापासून झाली. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं. ते दुरुस्त करायला एका कचेरीत नऊ महिने फेऱ्या मारल्या. कुणीतरी एक माणूस मुद्दाम अडवतोय अशी माझी खात्री झाली होती, आणि घरी येऊन रोज त्या न दिसलेल्या माणसाला शिव्या घालायचो. एक दिवस वहिनीने कॅलेंडरच्या पाठीमागे माझ्या अर्जाचा रस्ता काढला. थांबायच्या अकरा जागा निघाल्या. त्यातल्या चारांना तिने गोल केला आणि म्हणाली, "भावोजी, हे चार ब्रेक आहेत. बाकीचा गंज."

चारांपैकी एक होती हरकतीची मुदत. ती नसती तर कुणीही उठून माझ्या वडिलांचं नाव खोडून आपलं घातलं असतं, आणि मला कळलंही नसतं. हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. ब्रेक आणि गंज यातला फरक मला मशीनवर अर्ध्या मिनिटात सांगता येतो. कागदावर आला नाही. म्हणून मशीन बनवलं.

'गाडा' का?

वहिनीला 'लोकशाही यंत्र' हवं होतं. टेम्पोवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "गाडा चढवूया काय?" राज्यकारभाराचा गाडा हाकतात असं आपण म्हणतोच. विषय संपला.

दांडा हातानेच का फिरवायचा? मोटर नाही का?

आहे. भंगारातून आणलेल्या गाडीची वायपरची मोटर, १२ व्होल्टची. पण ती फक्त आम्ही जेवायला बसतो तेव्हा लावतो. दांडा फिरवणारा म्हणजे आपण, मत देणारे आणि कर भरणारे. आपण थांबलो की वरच्या सगळ्या दिमाखदार भागांना साधी एक गोळीही मिळत नाही. लहान मुलांना हे लगेच कळतं. मोठी माणसं आधी विचारतात, मोटर किती वॅटची.

स्टीलच्या गोळ्या आणि काचेच्या गोट्या वेगळ्या का?

स्टील म्हणजे पैसा, काच म्हणजे अर्ज. दोन्ही एकाच साखळीने वर जातात. वर एक लोहचुंबक बसवलंय, ते स्टीलला एका रुळावर ओढतं आणि काच सरळ जाते. चुंबकाला अर्ज दिसतच नाही, असं एकजण हिंडलग्यात म्हणाला. तो विनोद आम्ही ठरवून केलेला नव्हता.

पैसा वर जाऊन कुठे बसतो? मुख्यमंत्री हवा तसा काढू शकतात का?

नाही, आणि हा गाड्याचा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

आपण साबण घेतो, त्यावरच्या जीएसटीचा अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा. बाकीचे करही असेच येतात. राज्याचा पैसा एका मोठ्या टाकीत पडतो. घटनेच्या कलम २६६ मध्ये हिला संचित निधी म्हटलंय. कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय या टाकीतून पैसा निघत नाही. म्हणून टाकीच्या झडपेची तार आम्ही मंत्र्यांच्या कप्प्याला बांधलेली नाही, विधानसभेच्या तराजूला बांधली आहे. तराजू झुकला तरच झडप उघडते. मुख्यमंत्र्यांचं चाक कितीही जोरात फिरवा, टाकी हलत नाही. पोरं पाच-पाच मिनिटं ते चाक फिरवून बघतात.

विधान परिषदेचा ट्रे मध्ये आहे. पैशाच्या विधेयकाची गोळी तिथे १४ सेकंद थांबते आणि मग परिषदेने काहीही म्हटलं तरी पुढे जाते. खऱ्या कारभारात ही मुदत १४ दिवसांची आहे. साधं विधेयक असेल तर परिषदेला जास्त वेळ धरून ठेवता येतं: पहिल्यांदा तीन महिने, विधानसभेने परत पाठवलं की एक महिना. कायमचं अडवता येत नाही. हा ब्रेक आहे, कुलूप नाही.

खाली एक कॅमशाफ्ट आहे, म्हणजे उंचवटे असलेली फिरती सळई. तिचा एक फेरा म्हणजे एक आर्थिक वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च. फेरा सहा मिनिटांचा, म्हणजे महिना अर्ध्या मिनिटाचा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात खात्यांचे ट्रे धडाधड वाकायला लागतात, कारण त्यानंतर पट्टी पडते आणि न खर्चलेल्या गोळ्या टाकीत परत जातात. तुमच्या गल्लीतली गटार नेमकी मार्चमध्येच का खणतात याचं अर्धं उत्तर त्या कॅममध्ये आहे. उरलेलं अर्धं ठेकेदाराला विचारा.

तराजूत पितळेच्या वॉशर कशाच्या?

कर्नाटक विधानसभेचे आमदार, २२४. त्यातले १८ आपल्या बेळगाव जिल्ह्यातले, त्यांच्यावर बारीक खूण केली आहे. एका पारड्यात ११३ पडल्या की तराजू झुकतो. दोन्ही पारड्यांत सारख्याच पडल्या तर मधली एक खिट्टी आपोआप पडते, ती म्हणजे अध्यक्षांचं निर्णायक मत. एरवी ती खिट्टी अंग चोरून बसते, कारण कलम १८९ प्रमाणे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत.

वॉशरना दोरे ओवलेले दिसतील. एका पक्षाच्या वॉशर एका दोऱ्यात. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली तेव्हापासूनचा तो दोरा. एकटी वॉशर पलीकडे उडी मारायला गेली की दोरा तिला पारड्याबाहेर लटकवतो. पुढे काय होतं हे आपण टीव्हीवर रिसॉर्टच्या दारात उभ्या असलेल्या बशींवरून ओळखतो. रिसॉर्ट मात्र गाड्यात नाही. वहिनी म्हणाली, ते घटनेत नाही.

तराजूवर काचेची पेटी आहे. ती का, हेही विचारतात. १९८९ मध्ये एस. आर. बोम्मई यांचं सरकार बहुमत गेलं असं बाहेरूनच ठरवून बरखास्त झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी १९९४ मध्ये निकाल दिला : बहुमत आहे की नाही हे सभागृहातच मोजायचं. गाड्यावर आधी पेटी नव्हती आणि कुणीही बोटाने पारडं दाबायचं. पेटी आल्यापासून बोट लागत नाही. आज देशभर प्रत्येक सरकार पडायच्या वेळी ज्या निकालाचा हवाला देतात त्याच्यावर आपल्या राज्याच्या माणसाचं नाव आहे, हे येळ्ळूरच्या एका दहावीच्या मुलीला आधीच माहीत होतं. मला नव्हतं.

मंत्री किती मावतात?

कर्नाटकात मुख्यमंत्र्यांसह ३४. सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने आली. कड्यात ३५ वी गोळी टाकून बघा, खाली पडते. ती ज्या वाटीत पडते तिच्यावर एका प्रेक्षकाने खडूने 'महामंडळ' लिहिलं. पुसलं नाही.

राज्यपालांचा खटका सारखा अडकतो. बिघडलाय का?

बिघडलेला नाही. कलम २०० मध्ये राज्यपालांपुढे मोजके रस्ते आहेत : संमती द्यायची, रोखायची, विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं, किंवा (पैशाचं विधेयक नसेल तर) फेरविचाराला परत पाठवायचं. परत पाठवलेलं विधेयक सभागृहाने पुन्हा मंजूर केलं तर मग संमती रोखता येत नाही. म्हणून तिथे रॅचेट बसवलंय, म्हणजे एकाच बाजूला सरकणारं दातेरी चाक. गोळी एकदा मागे येते. दुसऱ्या वेळी खट्कन दात सरकतो आणि ती पुढेच जाते. तो आवाज यावा म्हणून मी तीन स्प्रिंगा बदलल्या.

मात्र किती दिवसांत, याचा आकडा त्या कलमात लिहिलेला नाही. म्हणून खटक्याला घड्याळ जोडलेलं नाही. खऱ्या ब्रेकना आम्ही लाल रंग देतो; ही जागा लाल रंगवायची की नाही यावर आमच्यात अजून वाद आहे. वहिनी म्हणते ब्रेक. मी म्हणतो, ज्या ब्रेकला सोडायची वेळ ठरलेली नाही त्याला तेल तरी घाला.

इंजिनाचा गव्हर्नर आणि हा गव्हर्नर एकच का?

नावाने भाऊबंद, कामाने नाही. शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि डिझेल कमी होतं. जेम्स वॉटने १७८८ मध्ये असाच दोन गोळ्यांचा गव्हर्नर वाफेच्या इंजिनाला लावला. शब्दाचं मूळ ग्रीकमधल्या सुकाणू धरणाऱ्या माणसात आहे. आपला 'कर्णधार'ही मुळात तोच, नावेचं सुकाणू धरणारा.

गाड्यावर फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा गव्हर्नर आहे, पण तो राजभवनात नाही, न्यायालयाच्या खांबावर आहे. सरकार मर्यादेबाहेर पळालं की तोच आवरतो. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपैकी सात विरुद्ध सहा अशा फरकाने ठरलं की संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही. एका मताचा फरक! मी मशीनवर इतका कमी मार्जिन कधी ठेवला नसता.

त्या गव्हर्नरला एक दोरी लोंबकळते. सहसा ती कुणीतरी ओढल्याशिवाय तो जागा होत नाही. आपल्यासाठी त्या दोरीचं टोक धारवाडच्या खंडपीठात आहे.

ग्रामपंचायत दिसत नाही. आमचा काहीच हिशेब नाही का?

खाली वाका. गुडघ्याच्या उंचीवर आहे, आणि मुद्दाम, कारण लहान मुलांची नजर तिथे पोचते.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि कर्नाटकाचा पंचायत कायदाही त्याच वर्षीचा. साधारण ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य. पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून इथल्या वॉशरना दोरा नाही. महाराष्ट्राच्या बातम्या बघून आपले लोक 'सरपंच' म्हणतात, पण आपल्याकडे तो ग्रामपंचायत अध्यक्ष, आणि जिल्हा परिषद नव्हे, जिल्हा पंचायत. पाहुणे कोल्हापूरकडून येतात तेव्हा इथेच गोंधळ होतो.

इथली गंमत अशी की ग्रामसभेचा तराजू गाड्यातला सगळ्यात हलका आहे. एका माणसाने येऊन हात ठेवला तरी झुकतो. बहुतेक वेळा तो रिकामा असतो आणि वाऱ्यानेच झुलतो. कडोलीत एक आजोबा म्हणाले, "आमच्याकडं ग्रामसभेला कोरम गोळा करायला चहा सांगावा लागतो की." आम्ही तिथे एक पितळी कप ठेवलाय.

अर्जाच्या रुळावर घंटा आणि वाळूचं घड्याळ कशाला?

ती 'सकाल'ची. हा २०११ चा कर्नाटकाचा कायदा. ठरलेल्या सेवेचा अर्ज नाडकचेरीत (महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीत) दिला की १५ अंकी नंबराची पोचपावती मिळते आणि मुदत चालू होते. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. गाड्यावर वाळू संपली की घंटा वाजत नाही. तिची साखळी ओढावी लागते, तेव्हा घंटा वाजते आणि नाणं पडतं. लोक विचारतात, आपोआप का नाही? कारण खऱ्यातही अपील आपणच करायचं असतं. पावतीचा नंबर जपून ठेवा, एवढंच सांगतो.

शेजारची दुसरी घंटा माहिती अधिकाराची : २००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत लिहायचा असतो. आपल्या लोकांचं पहिलं पान नमस्कारातच संपतं, त्यामुळे हे आधी सांगितलेलं बरं.

मराठीत अर्ज टाकला तर गोटी कुठे जाते?

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, खानापूरपासून निपाणीपर्यंत, आणि विचारणारा आवाज थोडा खाली आणून विचारतो.

राज्याची राजभाषा कन्नड, १९६३ च्या कायद्याने. पण घटनेचं कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. म्हणून मराठी गोटीला गाड्यात तोंड आहे. ते बंद करायची कुणाला सोय ठेवलेली नाही. उत्तर त्याच भाषेत मिळेल असं मात्र त्या कलमात लिहिलेलं नाही. गोटी आत जाते, पुढे भाषांतराच्या वळणावर हळू होते. जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाचे कायदे, नियम, सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असंही भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांत ठरलेलं आहे. म्हणजे ते वळण गंजलेलं असेल तर तो गंजच. त्याला आम्ही लाल रंग दिलेला नाही.

त्या वळणावर एक आरसा आहे. तो कलम ३५० ब चा भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. हे पद १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं. तो चौकशी करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. हुकूम सोडत नाही. म्हणून आरसा : अडकलेली गोटी स्पष्ट दाखवतो, ढकलत नाही. मला आधी तिथे हातोडी बसवायची होती. वहिनीने पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं आणि हातोडी काढायला लावली. त्या रात्री आम्ही बोललो नाही.

पाट्या दोन्ही भाषांत आहेत. आधी कन्नड वर, मराठी खाली अशी एकच पाटी होती. एकाने विचारलं मराठी खाली का, दुसऱ्याने विचारलं मराठी मुळात का. आता दोन पाट्या शेजारी शेजारी, व्हर्नियरने मोजून सारख्या.

आणि सीमाप्रश्न?

सगळ्यात वरच्या कप्प्यात डावीकडे एक निळी गोटी दिसते का? तीच.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला. आयोगाची शिफारस म्हणजे कायदा नव्हे. गाड्यावर आयोग म्हणजे बिजागरीवरची पाटी, वाट दाखवते, रूळ बदलत नाही. राज्यांच्या सीमा बदलायचा रूळ कलम ३ मध्ये, संसदेकडे. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. दोन राज्यांतला दावा कलम १३१ प्रमाणे थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. महाराष्ट्राने तो २००४ मध्ये दाखल केला. निळी गोटी त्या कप्प्यात आहे. साखळीवरून पुन्हा वर जायची तिला गरज नाही, ती वरच आहे. दांडा कितीही फिरवला तरी तिच्यावर परिणाम होत नाही, हे बघून काही लोक गप्प होतात, काही जास्त जोरात फिरवतात. आम्ही तिच्यावर भाषण करत नाही.

लाच दाखवता का?

दाखवायचो. टेबलाखाली लपवलेलं चुंबक होतं. स्टीलची गोळी ठेवली की अर्जाची फाटकं भराभर उघडायची. लोक इतके हसायचे की बाकी गाड्याकडे कुणी बघेना. "बरोबर, असंच चाललंय" म्हणून पाच मिनिटांत घरी. चुंबक काढलं. त्या जागी लोकायुक्तांची खिडकी आहे, १९८४ च्या कायद्याची. हसू कमी झालं, प्रश्न वाढले.

गोटी अडकते ती मुद्दाम का?

लाल जागी अडकली तर मुद्दाम. दुसरीकडे अडकली तर आमची चूक, सांगा.

पहिल्या वर्षी जुलैत गाडा पत्र्याखाली उभा होता. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कारकुनाच्या वळणावर रूळ गंजला आणि प्रत्येक गोटी तिथेच बसायला लागली. एक आजी बघून म्हणाल्या, "अगदी खरं दाखवलासा बघा!" आणि टाळ्या पडल्या. पुढचे दोन महिने आम्ही तो गंज घासला नाही. टाळ्या मिळत होत्या ना. मग एका शाळेत एका मुलाने विचारलं, हा थांबा कुठल्या कलमात आहे? वहिनीला उत्तर देता येईना. त्याच संध्याकाळी पॉलिश पेपर आणला, आणि खऱ्या ब्रेकना लाल रंग द्यायची पद्धत तेव्हापासून सुरू झाली.

गोळ्याच का? पाण्यावर जास्त छान दिसलं असतं.

पाण्यावर झालेलं आहे. बिल फिलिप्स नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाने १९४९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला पाण्यावर चालणारं मशीन दाखवलं. देशाची अर्थव्यवस्था रंगीत पाण्याने पारदर्शक टाक्यांतून वाहायची : कर इकडे, बचत तिकडे. क्रॉयडनमधल्या एका गॅरेजात त्याने ते बांधलं, आणि त्यात एका बॉम्बर विमानाच्या वायपरची मोटर होती असं सांगतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या भंगारातल्या मोटरबद्दल फार बरं वाटलं. ती मशीनं गळायची. मी हायड्रॉलिक्सच्या गावचा आहे, गळती काय असते ते मला सांगू नका. गोळ्या घेतल्या.

हलणाऱ्या शिल्पांची परंपरा मोठी आहे. मॉस्कोत नाउम गाबोने १९२० च्या सुमारास मोटरवर थरथरणारी एकच सळई उभी केली. शिल्पकार काल्डरच्या तारांवर झुलणाऱ्या शिल्पांना 'मोबाइल' हे नाव १९३१ मध्ये द्युशाँ या कलावंताने दिलं, आपल्या खिशातल्या मोबाइलच्या कितीतरी आधी. टिंगेली नावाच्या शिल्पकाराने १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या बागेत स्वतःलाच मोडून टाकणारं यंत्र लावलं आणि शेवटी अग्निशामक दलाला यावं लागलं. आमचा गाडा तसा नाही, टेम्पोवाल्याला खात्री नसली तरी.

आमच्या गावात आणाल का?

आणू. एका छोट्या हत्तीत मावतो. टेम्पोचं भाडं आणि दोन वेळचं जेवण द्या, बाकी काही नको. छत आठ फुटांपेक्षा उंच हवं आणि जमीन सपाट. पाच वर्षांखालच्या मुलांना गोट्यांपासून लांब ठेवा, एकाने गिळायचा प्रयत्न केलाय. निवडणूक जाहीर झाल्यावर आणत नाही. कुणीतरी वॉशरला झेंडा चिकटवतो.

शाळेत असाच छोटा गाडा बनवायचा असेल तर?

तीन मिलिमीटरची तार, सोळाची गोटी, दोन तारांमध्ये साधारण दहाचं अंतर. उतार फूटभराला अर्धा-पाऊण इंच पुरे. जास्त दिलात तर वळणावर गोटी उडते. जोड ब्रेझिंगने करा, वेल्डिंगच्या थेंबावर गोटी अडखळते. तेल लावू नका, धूळ बसते. मेण घासा. आणि सगळं एकदम बांधू नका. आधी फक्त ग्रामपंचायत करा.

महापालिकेचा भाग झाकून का ठेवलाय?

चुकलाय म्हणून. बेळगाव महापालिकेचे ५८ वॉर्ड, त्यासाठी ५८ दातांचं चाक कापायला घेतलं. डिव्हायडिंग हेडवर (चाकाचे सारखे भाग पाडायच्या साधनावर) ५८ ला २९ भोकांच्या वर्तुळावर २० भोकं मोजत जावं लागतं. माझ्या प्लेटवर २९ चं वर्तुळ नाही. डोळ्यांनी अंदाज धरून कापलं आणि ५७ झाले. कुठला वॉर्ड गेला म्हणून शहापूर, वडगाव आणि अनगोळची माणसं आपापसांत भांडत बसली. तुमच्या वर्कशॉपात २९ भोकांची प्लेट असेल तर दोन दिवसांसाठी द्या. या वेळी दात वहिनी मोजणार आहे.